लिहिलं होतं, पण वेळेवर सापडलं नाही! वहीतल्या नोंदी डिजिटल नोटपॅडमध्ये कशा लावायच्या?



"सर, नोंदी वहीत लिहायच्या की मोबाईलमध्ये?" हा प्रश्न मला प्रत्येक कार्यशाळेत येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: लिहा वहीत, शोधा मोबाईलमध्ये. हे कसं करायचं, ते व्हिडिओत मोबाईल हातात घेऊन दाखवलं आहे. इथे तेच सावकाश, पायरी-पायरीने देतो, म्हणजे वाचता वाचता तुम्हाला करून बघता येईल.

पण आधी माझी एक जुनी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा विषय एवढा महत्त्वाचा का, ते कळणार नाही.

माझी पन्नास ताटांची चूक

सुरुवातीच्या काळात मी छोट्या कार्यक्रमांच्या जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचो. एका साखरपुड्याची १५० ताटांची ऑर्डर डायरीत व्यवस्थित लिहिलेली होती. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी मुलीच्या वडिलांचा फोन आला. मी तेव्हा किराणा दुकानात तेलाचे डबे मोजून घेत होतो. डायरी घरी. मी हातातल्या बिलाच्या मागे आकडा लिहिला, बिल स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि कामाला लागलो.

कार्यक्रमाच्या दिवशी शेवटच्या पंगतीला भात संपला, मग भाजी संपली. मुलीचे वडील माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो भाऊ, परवाच फोनवर सांगितलं होतं ना, दीडशेचे दोनशे झालेत म्हणून!"

आठ दिवसांनी ते बिल डिकीत सापडलं. मागे लिहिलं होतं, २००. अक्षर माझंच.

बघा, मी विसरलो नव्हतो असं नाही, पण मी लिहिलं तर होतं! लिहिलेलं असून उपयोग काय झाला? बिलातून पैसे कापले गेले, आणि त्या घराने पुन्हा मला कधी बोलावलं नाही. नोंद लिहिणं हे अर्धं काम आहे. ती वेळेवर सापडणं हे उरलेलं अर्धं. धंद्यात नुकसान होतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्ध्यात.

येलदरी आणि सिद्धेश्वर: दोन धरणांचा धडा

आपल्या परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. तिथे पाणी साठतं, त्यावर साडेसात मेगावॅटचे तीन संच वीज तयार करतात आणि सोडलेलं पाणी पुढे हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात जातं. सिद्धेश्वरहून कालवे निघतात आणि मग पाणी शेतापर्यंत पोचतं. साठवण एकीकडे, वाटप दुसरीकडे. येलदरी कितीही भरलं तरी पुढे सिद्धेश्वर आणि कालवे नसते, तर शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी आलं असतं का?

तुमची वही म्हणजे येलदरी. दिवसभरात जे येईल ते तिच्यात साठवायचं. डिजिटल नोटपॅड म्हणजे सिद्धेश्वर. तिथून ऑर्डरची नोंद ऑर्डरकडे, उधारीची उधारीकडे, खरेदीची खरेदीकडे जाते. बहुतेक जण इथे दोनपैकी एक चूक करतात. काहींची वही भरलेली असते, पण कालवाच नसतो. काही जण चार ॲप डाउनलोड करतात, पण दिवसभरात काहीच लिहीत नाहीत. म्हणजे कालवे आहेत, पण धरण कोरडं.

ही पद्धत काही नवी नाही. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांकडे दोन वह्या असायच्या. रोजकीर्दीत तारखेप्रमाणे, जसं घडेल तसं लिहायचे. मग खतावणीत त्याच नोंदी नावाप्रमाणे उतरवायचे. रोजकीर्द सांगते "आज काय झालं", खतावणी सांगते "यांचं माझ्याकडे काय आहे". छोट्या धंद्यात आपण रोजकीर्द कशीबशी ठेवतो आणि खतावणीला कंटाळतो. डिजिटल नोटपॅड हा कंटाळा कमी करतो, एवढंच त्याचं काम.

डिजिटल नोटपॅड म्हणजे नक्की कोणता?

बाजारात या एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू मिळतात. पैसे खर्च करण्याआधी फरक समजून घ्या.

१. एलसीडी पाटी. लहान मुलांना घेतो ती. काही दुकानांत तिलाही "डिजिटल नोटपॅड" म्हणतात. साध्या पाटीवर काहीही साठत नाही. बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. गिऱ्हाईकाला हिशेब दाखवायला ठीक आहे, नोंदीसाठी घेऊ नका.

२. कागदी वही आणि मोबाईल. लिहायचं पेनाने, फोटो काढून ॲपमध्ये ठेवायचा. यासाठी गूगल कीप, मायक्रोसॉफ्ट वननोट अशी मोफत ॲप आहेत. आपण हीच पद्धत शिकणार आहोत.

३. पेन असलेला टॅब किंवा मोबाईल. थेट स्क्रीनवर लिहिता येतं. डिझाईन, शिवणकाम, इंटेरिअर अशा आकृती काढाव्या लागणाऱ्या धंद्यांना उपयोगी.

४. ई-इंक टॅब. कागदासारखी स्क्रीन, डोळ्यांना त्रास कमी. वस्तू चांगली आहे, पण महाग. नव्या उद्योजकाने या पैशात आधी माल भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे सुरुवात खिशातल्या वहीने आणि हातातल्या मोबाईलने. खर्च फक्त वहीचा.

उदाहरण: धरणाजवळची खानावळ

समजा, येलदरीला धरणाच्या रस्त्यावर तुमची छोटी खानावळ आहे. मासळी, भाकरी, ठेचा. सकाळी मासळी घ्यायची, बर्फ आणायचा, दुपारी गर्दी सांभाळायची. कोणी म्हणतं "पैसे संध्याकाळी देतो", कोणी रविवारची वीस ताटं सांगून जातं. हात मसाल्याने माखलेले असतात. अशा वेळी मोबाईल उघडून टाइप करत बसणं शक्यच नाही. म्हणून वही.

वहीचे तीन नियम:

एक पान, एक विषय. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. एका पानावर ऑर्डर आणि उधारी मिसळायची नाही. कागद वाया जातो असं वाटेल, पण दहा रुपयांचा कागद वाचवताना माझ्यासारखी पन्नास ताटं जातात.

पानाच्या डोक्यावर तारीख आणि खूण. खुणा फक्त चार: ऑ म्हणजे ऑर्डर, उ म्हणजे उधारी, ख म्हणजे खरेदी, वि म्हणजे विचार. गिऱ्हाईक म्हणालं, "सुका मसाला पाकिटात मिळेल का?" तर तो वि. पुढचा धंदा याच पानांतून निघतो.

नावासोबत गाव. नुसतं "पाटील" लिहू नका. "जिंतूरचे पाटील" आणि "सेनगावचे पाटील" वेगळे आहेत, हे आज लक्षात आहे. तीन महिन्यांनी राहणार नाही.

रात्रीची दहा मिनिटं

गल्ला मोजून झाला की हे काम करायचं. मी गूगल कीपचं उदाहरण घेतो, पण तुम्ही दुसरं ॲप वापरत असाल तरी पायऱ्या याच.

पायरी १: फोटो. पान सपाट ठेवा, मोबाईल बरोबर वर धरा, स्वतःची सावली पडू देऊ नका. फोटो काढल्यावर एकदा मोठा करून वाचून बघा. तुम्हाला आज वाचता येत नसेल, तर सहा महिन्यांनी तर अजिबातच येणार नाही.

पायरी २: शीर्षक. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात. छापील अक्षरं फोटोतून ओळखणारी सोय मोबाईलमध्ये आली आहे, पण तुमचं-माझं घाईतलं मराठी हस्ताक्षर ॲप बरोबर ओळखेल, यावर विसंबू नका. शीर्षक नसलेला फोटो म्हणजे डिकीत टाकलेलं बिलच! म्हणून प्रत्येक फोटोला तीन गोष्टींचं शीर्षक द्या: तारीख, नाव-गाव, विषय. उदाहरणार्थ, "१४ जून, सेनगावचे पाटील, रविवार २० ताटं".

टाइप करायचा कंटाळा येतो? मग बोला. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टाइप करण्याची सोय दिली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडा, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. आकडा मात्र डोळ्यांनी तपासा. "वीस" आणि "तीस" ऐकायला जवळचे आहेत.

पायरी ३: लेबल. वहीतल्या चार खुणा, तीच चार लेबलं. ऑर्डर, उधारी, खरेदी, विचार. पाचवं लेबल करायचा मोह आवरा. मी एका काळात बावीस लेबलं केली होती. नोंद कुठल्या लेबलात टाकायची, याचाच विचार करण्यात वेळ जायचा आणि शेवटी सगळं बंद पडलं.

पायरी ४: आठवण. ऑर्डरच्या नोंदीला आदल्या दिवशीची आठवण लावा. रविवारची ताटं असतील तर शनिवारी सकाळी मोबाईल वाजला पाहिजे, कारण मासळी तेव्हाच सांगावी लागते.

पायरी ५: बरोबरची खूण. फोटो चढवला की कागदाच्या पानावर कोपऱ्यात बरोबरची खूण करा. वही चाळताना खूण नसलेलं पान लगेच दिसतं.

आणि ऑर्डर बदलली तर? नवी नोंद करायची नाही. नाव शोधा, जुनी नोंद उघडा, त्यातच लिहा: "१५ जून, फोनवर, २० चे ३० झाले". बदलाची नोंद मूळ नोंदीजवळच राहिली पाहिजे. माझी चूक नेमकी इथे झाली होती. आकडे दोन होते, पण एकमेकांपासून लांब.

शोधाची एक गंमतही लक्षात ठेवा. कधी मराठी आकडे, कधी इंग्रजी आकडे असं लिहिलं, तर ॲपला ते वेगवेगळे वाटू शकतात. नावाचंही तसंच, एकदा "शेख" आणि एकदा "शेक" लिहिलं की शोधताना अर्ध्याच नोंदी समोर येतात. एक पद्धत ठरवा आणि तीच पाळा.

उधारीचं पान: इथेच पैसा आहे

उधारीसाठी फक्त फोटो पुरत नाही. नोंदीत चौकोनांची यादी करा, प्रत्येक ओळीत एक नाव आणि रक्कम. पैसे आले की चौकोनावर टिचकी मारा. थोडेच आले, तर टिचकी मारू नका. उरलेली रक्कम आणि तारीख लिहा.

आता हिशेब करू. समजा, महिन्यात बारा जणांकडे सरासरी ३५० रुपये उधारी राहते, म्हणजे ४,२०० रुपये. त्यातल्या दोघांची नोंद सापडली नाही, म्हणून तुम्ही मागितलीच नाही. ७०० रुपये गेले. एका ताटामागे तुम्हाला २० रुपये सुटत असतील, तर ते ७०० भरून काढायला ३५ ताटं जास्त विकावी लागतील. वर्षाचे होतात ८,४०० रुपये. गिऱ्हाईकाने बुडवले असंही नाही, आपणच विसरलो. आणि मागताना तारीख आणि रक्कम समोर असेल, तर भांडण होत नाही. "तुमचे काहीतरी राहिलेत बघा" असं म्हटलं की समोरच्याला शंका येते. "चौदा तारखेचे दोनशे चाळीस आहेत, दादा" म्हटलं की तो खिशात हात घालतो.

चार रविवार काय सांगतात?

नोंदी सापडू लागल्या की त्या बोलू लागतात. समजा, खरेदीच्या लेबलात चार रविवारची पानं आहेत. प्रत्येक रविवारी १५ किलो मासळी घेतली. उरली अनुक्रमे ४ किलो, ३ किलो, शून्य आणि ५ किलो. म्हणजे चार रविवारात १२ किलो उरली. किलोला १६० रुपये धरले तर १,९२० रुपये अडकले किंवा वाया गेले.

पण तिसऱ्या रविवारी काहीच उरलं नाही, उलट गिऱ्हाईक परत गेलं. त्या पानावर तुम्ही कोपऱ्यात लिहिलेलं दिसतं: "धरणाचं पाणी सोडलं, बघायला गर्दी". म्हणजे निर्णय समोर आहे. साध्या रविवारी ११ किलोच्या आसपास घ्यायची, पाणी सोडणार असल्याची बातमी आली की वाढवायची. हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही, चार पानं एकाखाली एक बघितली की पुरे. म्हणून पानावर आकड्यासोबत कारणाचा एक शब्द लिहायची सवय लावा: पाऊस, बाजार, लग्नतिथी, पाणी सोडलं.

आठवड्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, अर्धा तास काढा. झालेल्या ऑर्डरी संग्रहात टाका, पण पुसू नका. उधारीची एकूण बेरीज वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. "विचार" लेबल वाचा आणि त्यातली एकच गोष्ट पुढच्या आठवड्यात करून बघा.

सावधान! एवढं लक्षात ठेवा

मूळ वही फेकू नका. फोटो आहे म्हणून कागद रद्दीत घालू नका. जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

नोंद म्हणजे पूर्ण पुरावा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीच्या नोंदी विचारात घेतल्या जातात, इलेक्ट्रॉनिक असल्या तरी. पण फक्त त्या नोंदीच्या जोरावर समोरच्यावर देणं लादता येत नाही. म्हणून मोठी उधारी असेल तर पानावर सही घ्या, किंवा व्हॉट्सॲपवर रक्कम पाठवून "बरोबर" असं उत्तर मागवा. आणि उधारी वर्षानुवर्षं पडू देऊ नका. अशा वसुलीसाठी कोर्टात जायला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

थर्मल बिलांचा फोटो आधी काढा. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या उन्हाने, उष्णतेने पुसट होतात. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली पावती कोरी व्हायला वेळ लागत नाही. वॉरंटी असलेल्या वस्तूची पावती त्याच दिवशी चढवा.

मोबाईल हरवला तर? नोंदी तुमच्या ईमेल खात्यात जमा होत आहेत का, हे आजच तपासा. दुसऱ्या मोबाईलवर तेच खाते उघडून बघितलं की कळतं. ईमेल आणि पासवर्ड तुमचा स्वतःचा असू द्या. मोबाईल दुकानदाराने घाईत बनवून दिलेलं खातं असेल तर आधी ते बदला. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत असते, आणि त्यात ईमेल, फोटो, फाइल सगळं धरलं जातं. ती जागा "शुभ सकाळ"च्या चित्रांनी भरू देऊ नका.

पिन, ओटीपी, गिऱ्हाईकाच्या आधार कार्डाचा फोटो नोटपॅडमध्ये ठेवू नका. सापडायला सोपं केलेलं चोरालाही सोपं जातं.

आणि एक, नोटपॅड म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्हे. धंदा वाढला की हिशेबासाठी वेगळी सोय करावी लागेलच. पण ज्याच्या नोंदी लावलेल्या आहेत, त्याचं ते काम दोन दिवसांत होतं. ज्याच्याकडे पिशवीभर चिठ्ठ्या आहेत, त्याचं कधीच होत नाही.

आजचा गृहपाठ

१. घरातल्या, दुकानातल्या, गाडीतल्या, कॅलेंडरवरच्या सगळ्या चिठ्ठ्या एका ताटात जमा करा. हो, ताटातच. किती आहेत ते दिसू द्या.

२. त्यातल्या उधारीच्या आणि पुढच्या तारखांच्या ऑर्डरीच्या चिठ्ठ्या आधी निवडा. बाकीच्या राहू द्या.

३. निवडलेल्यांपैकी फक्त दहांचे फोटो काढा, शीर्षक द्या, लेबल लावा.

४. आता परीक्षा. घरातल्या कोणालाही एक नाव घ्यायला सांगा आणि त्या माणसाची नोंद किती वेळात सापडते ते घड्याळात बघा. अर्ध्या मिनिटात सापडली, तर तुमचा कालवा सुरू झाला. नाही सापडली, तर शीर्षकं पुन्हा तपासा.

हे एकवीस दिवस करा असं मी म्हणत नाही. येत्या रविवारपर्यंत करा. रविवारी रात्री उधारीची बेरीज बघा आणि ठरवा, पुढे चालू ठेवायचं की नाही. माझा अनुभव सांगतो, विसरलेलं एक नाव जरी त्या यादीत सापडलं, तरी वहीचे पैसे वसूल होतात.

त्या साखरपुड्यानंतर मी डिकीत कागद ठेवणं बंद केलं. ते बिल मात्र अजून जपून ठेवलंय. त्याचाही फोटो काढलाय, आणि शीर्षक दिलंय: "२०० ताटं".

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत लिहीत राहा, आणि लिहिलेलं सापडेल असं ठेवा!